दोन ब्रेकची गाडी

३ फेब्रुवारी
गाडी थरथरते. थरथरते म्हणजे थरथरतेच! सकाळच्या बॅचच्या डेंटिस्टबाई सिग्नलला म्हणाल्या, "मॅडम, माझेच दात हलायला लागले." मागच्या सीटवरच्या दोघी खो खो हसल्या. मला नाही हसू आलं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची एकुलती एक गाडी, तीही म्हातारी, आणि जागच्या जागी हुडहुडी भरल्यासारखी कापतेय.

संध्याकाळी दादाला सांगितलं. त्यानं गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले — समाधीच लागली जणू! — आणि म्हणाला, "मला काही जाणवत नाही. तुझे कान वाजतात."

कानाचा काय संबंध? सीट हलतेय!

५ फेब्रुवारी
स्वतःच तपासलं. न्यूट्रलमध्ये उभी केली, थरथर. जरा रेस दिली, कमी झाली. सोडली, पुन्हा सुरू. गाडी उभी असताना हलते म्हणजे चाकांचा दोष नाही, इंजिनाचाच. पहिला गिअर टाकून निघताना खालून 'धप्' असा आवाज येतो, रिव्हर्सला तर जास्तच.

हे सगळं दादाला सांगितलं. "मोठी आली इंजिनिअर!"

एवढंच. वहिनी मध्ये पडली, "अहो, तिचं ऐकून तरी घ्या." तर तिच्यावरही खेकसला. हल्ली नाकावर माशी बसू देत नाही.

८ फेब्रुवारी
आज दुपारी मी मागे बसले होते, मुद्दाम. पुढे कॉलेजचा एक मुलगा शिकायला, शेजारी दादा. त्याची ती जगप्रसिद्ध पद्धत! चपला बाहेर काढा, अनवाणी बसा. "क्लच पायानं नाही, तळव्यानं दाबायचा. गाडी कुठे उचलते ते तळव्याला कळतं." स्वतःही अनवाणी, शिकवणाऱ्याच्या ब्रेकवर पाय. मलाही त्यानं असंच शिकवलं. चांगलं शिकवलं, हे लिहायला जिवावर येतंय.

वळणावर सायकलवाली आडवी आली. दादानं ब्रेक दाबला, पण उशिरा, आणि असा दाबला की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मुलगा पांढराफटक. सायकलवाली शिव्या देत गेली.

"हा काय ब्रेक मारायचा प्रकार झाला?" मी.

"थांबली ना गाडी? मग?"

माझ्यावरचा राग ब्रेकवर काढतो! दुसरं काय? कपाळाला टेंगूळ आलंय.

९ फेब्रुवारी
दादाशी अबोला.

१२ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याकडे गेले. सतत खोकतो म्हणून त्याचं नावच खोकलेबुवा. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, अर्धा तास इकडेतिकडे ऐकत बसला. प्लग काढून पाहिले, ठीक. पंख्याचा पट्टा काढून इंजिन चालवलं, तरी थरथर तीच. "ताई, इंजिन आतून तंदुरुस्त आहे. दोष बाहेर कुठेतरी आहे. सर काय म्हणतात?"

सर म्हणतात, काही जाणवत नाही. सरांना गाडीवर खर्च करायचा नाही. सरांना धाकटी बहीण बरोबर ठरलेली बघवत नाही. हे त्याला नाही सांगितलं, इथे लिहितेय.

आता माझंही ठरलंय. एकदा, फक्त एकदा त्यानं तोंडानं म्हणावं, "तुझं बरोबर आहे." नाहीतर मी वेगळी होणार. सकाळची बॅच माझी आहे, बायका माझ्यामागे येतील. त्यानं बसावं डोळे मिटून!

१५ फेब्रुवारी
आज सोक्षमोक्ष लावला. अबोला मोडून दादाला गॅरेजवर बोलावलं. तो यायच्या आधी खोकलेबुवांना सांगून एका प्लगची वायर काढून ठेवली. चारातलं एक सिलिंडर बंद! इंजिन असं उड्या मारू लागलं की डॅशबोर्डवरचा पाण्याचा बाटला सरकत सरकत खाली पडला. आंधळ्यालाही कळलं असतं.

दादा बसला. अनवाणी. दांड्यावर हात. कितीतरी वेळ.

"आवाज जरा वेगळा येतोय. पण थरथर? कुठाय?"

खोकलेबुवा खोकायचेसुद्धा थांबले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "खोटारडा! वायर काढलीय मी! मला खोटं पाडायला गाडीचाही जीव घेशील तू! मी वेगळी होतेय."

तो चपला शोधत बसला, त्या पायापाशीच होत्या. मग गेला.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी
सापडलं! वायर जागेवर लावून खोकलेबुवांनी बॉनेट उघडलं. मी ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडला, ते वाकून बघत राहिले. मग रिव्हर्स. इंजिन एका बाजूनं चांगलं चार बोटं उचललं गेलं आणि धप्! माउंटिंग फाटलंय. म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं तेच तुटलंय आणि सगळा हादरा सरळ बॉडीत येतोय.

दादाला फोन करून बोलावलं. माझ्या जागी खोकलेबुवांना बसवून त्याला बॉनेटपाशी उभं केलं. बघ म्हटलं. त्यानं बघितलं.

"हो. दिसतंय."

दिसतंय! एवढंच! "तुझं बरोबर" नाहीच.

१९ फेब्रुवारी
नवं माउंटिंग बसलं. गाडी लोण्यासारखी. डेंटिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. दादानं एक फेरी मारली आणि म्हणाला, "मला तर आधीही अशीच वाटत होती."

संध्याकाळी वहिनीला सांगून टाकलं, एक तारखेपासून मी वेगळी. ती रडली. दादा आतल्या खोलीत होता, ऐकत असणारच. ऐकू दे.

२१ फेब्रुवारी
दुपारी दादाची बॅच परत येऊन दारात थांबली आणि मागच्या सीटवरच्या मुली किंचाळल्या म्हणून धावत गेले. शिकवणाऱ्याच्या बाजूची मॅट रक्तानं ओली. दादाच्या तळव्यात स्क्रू रुतलेला, डोक्यापर्यंत. क्लास सुरू होऊन तास झाला होता. मी मुलींना उतरवलं, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि स्क्रू उपटला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"निघाला का?" त्यानंच मला विचारलं.

"कधीपासून, दादा?"

"पाय बधिर होऊन वर्ष झालं. हात आत्ता आत्ता. तुला सांगितलं असतं तर तू मला या सीटवर बसू दिलं असतंस?"

नसतं दिलं. चावी काढून घेतली आहे. एक तारखेला मी कुठेही जात नाही.