विदरकोमच्या टेकडीवरच्या पायऱ्या

मी, अँब्रोज स्टिकलंड, वय सव्वीस, सध्या मुक्काम विदरकोम, डॉर्सेट, एरवी कुठेही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितो. प्यालेलो नाही. आज सकाळी वकिलाने आमच्या वडिलांचं मृत्युपत्र वाचून दाखवलं, म्हणून हे लिहायला बसलो.

घर आणि मेंढ्या थोरली बहीण लेटीला. ते बरोबरच. पण खडूच्या टेकडीवरच्या सगळ्या पायऱ्या मला! वकिलाला पुन्हा वाचायला लावलं, तरी तेच. जिवंतपणी विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. मेल्यावर हव्या त्याला. जत्रेतल्या पाळण्याबरोबर मी पळालो तेव्हापासून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. (तो पाळणा पुढे ब्रिस्टलला मोडला, ते असो.)

१. त्या पायऱ्या म्हणजे शेताचे टप्पे, कुणा जुन्या लोकांनी उतारावर आडवा नांगर धरून धरून घडवल्या. आता तिथे गवत आणि लेटीच्या मेंढ्या. कुंपण, पिल्लं, वडिलांचं आजारपण, सगळं तिनेच सांभाळलं. म्हणून माझ्या पश्चात पायऱ्या लेटीला.

२. शेजारचे शेतकरी लेग आज वकिलाच्या दारातच माझ्या कानाशी लागले, की तू जा खुशाल फिरायला, मी ट्रॅक्टर घालून उतार सपाट करतो, जव पेरतो, तुला वाटा. त्यांना तिथून वेचलेल्या गारगोट्यांचा ढीग. बसावं त्यावर.

३. अ‍ॅकॉर्डियन खानावळीला. एक सूर चिकटतो.

लेटीला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती.

"मेल्यावर देणार? म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत मेंढ्या हाकू?"

जिवंतपणी देता येत नाही, मी म्हणालो.

"मग देऊ नकोस, राहा. तू गेलास की लेग ट्रॅक्टर आणणार. मी कोण त्याला अडवणारी? जमीन तुझी."

मी म्हणालो, सह्या तर होऊ देत. वकिलाने सकाळीच बजावलं होतं, की ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा बुडतो. लेटी तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती.

सही : अँब्रोज स्टिकलंड

साक्षीदार :
१. मेबल ऑर्चर्ड, पोस्टमास्तरीण
२. लेटिस स्टिकलंड

विदरकोम, २ नोव्हेंबर १९५३

सह्यांनंतर लिहितो : दुसरी सही लोहार वेअरची व्हायची होती. तो पुढे झाला, तोच लेटीने कणकेच्या हाताने त्याच्याकडून पेन ओढून घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही ठोकली. पहिलं कलम गेलं. मी अजून बसलोय तसाच आहे. मेंढ्या अजून टेकडीवरच आहेत, आणि वडिलांची मेंढ्या हाकायची काठी लेटी माझ्या खुर्चीला टेकवून गेली आहे.