मोल्दोव्हा आणि आमची तूरडाळ

५ जानेवारी, सकाळी

आजपासून मी कंट्री अ‍ॅनालिस्ट, म्हणजे परदेशी बाजारपेठांचा जाणकार. कार्डं छापायला टाकली. ज्युनिअर कॉलेजची नोकरी सोडली तेव्हा स्टाफरूममधल्या लोकांनी चहा पाजून जी कणव दाखवली, तिची अजून शिसारी येते. कळेल त्यांना.

काल लातूरला एक्स्पोर्टचा सेमिनार केला. वक्ता म्हणाला, जर्मनी-फ्रान्सच्या मागं सगळेच लागतात, हुशार माणसानं इमर्जिंग युरोप बघावा. निम्मा हॉल जेवणाचं कूपन शोधत होता. ऐकणारा मी एकटा.

देश ठरवला : मोल्दोव्हा. नांदेडात कुणाला नावही माहीत नाही, म्हणजे कॉम्पिटिशन नाही. माल : तूरडाळ. माझ्या बायकोचा, सुकन्याचा धाकटा भाऊ हणमंत, त्याची लातूरला डाळमिल आहे. माल त्याचा, डोकं माझं.

सुकन्याला सांगितलं तेव्हा ती चपला घालत होती. भोकरच्या शाळेची बस गाठायची होती. विचारते, तिकडं वरण खातात का? असल्या प्रश्नांनीच मराठवाडा मागं राहिला.

६ जानेवारी

संकल्प : रोज पहाटे उठून मोल्दोव्हाचा अभ्यास.

७ जानेवारी

उठलो नाही. थंडी. पण पडल्या पडल्या विचार मोल्दोव्हाचाच होता.

१२ जानेवारी, लातूर

हणमंतसमोर प्रेझेंटेशन केलं. मिलमध्ये मशिनचा आवाज, सगळीकडं टरफलांचा भुगा, लॅपटॉपवर पिवळा थर. शी. त्यानं एकच विचारलं, "दाजी, माणसं किती हायत तिथं?" म्हणालो, साधारण लातूर जिल्ह्याएवढी. तो म्हणाला, "मंग जिल्ह्यातच इकतो की." पोती उचलणारे हमालसुद्धा हसले. मी शांतपणे पर कॅपिटा इन्कम समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

निघताना मात्र म्हणाला, "जमलं तर मिलच्या माडीवरची खोली तुमच्या हापिसाला देतो." बरं वाटलं. घरी बसलेल्या जावयाला सासरवाडीत चहा मिळतो, पण खुर्ची कुणी सरकवत नाही. आता सरकवतील.

२१ जानेवारी, दुपारी

ऐतिहासिक दिवस. मोल्दोव्हाच्या एका ट्रेडिंग कंपनीतल्या वालेन्तिनाबाईंशी व्हिडिओवर मीटिंग झाली. वर कोट, खाली लुंगी, कारण पँट इस्त्रीला. मी तुरीचा इतिहास, प्रोटीन, लातूरची काळी जमीन, सगळं सांगितलं. बाई शेवटी म्हणाल्या, "व्हेरी इंटरेस्टिंग."

हणमंतला फोन करून कळवलं, ऑर्डर जवळपास पक्की.

मागं भार्गवी अभ्यास करत बसली होती. इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं तिला सगळं येतं. म्हणाली, बाबा, तिकडचे लोक इंटरेस्टिंग म्हणतात तेव्हा त्यांना नको असतं. पोटच्या पोरीचं हे निगेटिव्ह थिंकिंग. जेवण गेलं नाही.

नंतर गेलं.

९ फेब्रुवारी

डाळीचं सँपल बाईंकडं पोचलं. सोबत वरणाची कृती पाठवली होती, फोडणीसकट. बाईंचं उत्तर आलं : ऑफिसात शिजवलं, आंबट मलई घातली, वर शेपू चिरून टाकला आणि सूप म्हणून प्यायलो.

तुरीच्या वरणावर कच्चा शेपू! असल्या लोकांना आपली डाळ द्यावी का, हा नैतिक प्रश्न आहे. पण धंद्यात भावना नको. खाली लिहिलंय, "व्हेरी इंटरेस्टिंग." सलग दुसऱ्यांदा.

१३ फेब्रुवारी

वालेन्तिनाबाई हैदराबादला कसल्याशा प्रदर्शनाला येत आहेत. तिथून रेल्वेनं नांदेडला येते म्हणाल्या, मला तुमचं मार्केट बघायचंय. स्वतःहून! माल घ्यायचा असल्याशिवाय कोण येतं? हणमंतला म्हणालो, माडीवरच्या खोलीला रंग लावून घे.

सुकन्या म्हणाली, त्या 'मार्केट' म्हणाल्यात, 'मिल' नाही. प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई मला इंग्रजी शिकवणार.

२२ फेब्रुवारी, रात्री

नांदेड स्टेशनवर हार घेऊन उभा होतो. गाडी लेट. हार सुकला. बाई पन्नाशीच्या, धिप्पाड, दोन्ही हातांत दोन जड बॅगा. मी एक उचलायला गेलो, जमिनीवरून हलली नाही. त्यांनीच उचलली. रिक्षावाले दात काढत होते. ह्या गावाला पाहुण्यांची रीत कधी कळणार?

मला त्या मिस्टर पंडोरी म्हणतात. पंढरी म्हणायला शिकवलं. पंडोरीच म्हणतात.

घरी धपाटे आणि ठेचा. बाईंनी ठेचा चमच्यानं खाल्ला, डोळ्यांत पाणी नाही. माझ्या आहे. नंतर सुकन्या आणि त्या हातवारे करत गप्पा मारत बसल्या. भार्गवी मध्ये मध्ये इंग्रजीत सांगत होती. विषय काय, तर बाळंतिणीला कोणते लाडू देतात, दिवाळीला डबे कसले वाटतात, लग्नात रुखवतात काय ठेवतात. दोन देशांमधल्या व्यापाराची बोलणी सोडून डिंकाचे लाडू! उबग आला. बाई सगळं टिपून घेत होत्या. मीही उत्साहानं भर घातली. पाहुण्यांना नाराज करू नये.

२३ फेब्रुवारी, लातूर

सुकन्या, भार्गवी, बाई आणि मी गाडी करून आलो. बाईंना आधी गंजगोलाईच्या बाजारात जायचं होतं. प्रत्येक किराणा दुकानात शिरून काजू-बदाम बघत होत्या. भाव विचारायला मला लावत होत्या. मी विचारत होतो. डाळीच्या दुकानावरून सरळ पुढं गेल्या. म्हणजे माझ्या डाळीवर पूर्ण विश्वास.

मग मिल. हणमंतनं कोरा शर्ट घातलेला. मी स्वागताचं भाषण सुरू केलं. मशिन बंद करायचं कुणाच्या डोक्यात नाही. बाईंनी ती जड बॅग उघडली आणि मूठभर अक्रोड काढले. दोन अक्रोड एका मुठीत धरून दाबले, काड्कन फुटले. गर हणमंतच्या हातावर ठेवला.

हणमंतनं खाल्ला. डोळे मिटले. म्हणाला, "गोड हाय. आपल्याकडचा लई खवट असतो." मग भार्गवीला म्हणाला, "इचार, ह्यो केवढ्याला देणार?"

मी म्हणालो, आधी डाळीचं बोलू. कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी बाईंना सरळ विचारलं, तूरडाळ किती टन घेणार? त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, मिस्टर पंडोरी, आमच्याकडं ही कोणी खाणार नाही, मी जानेवारीतच सांगितलं होतं.

भाषेचा प्रॉब्लेम आहे.

२३ फेब्रुवारी, परतताना

गाडी चाकूरला चहाला थांबली. बाई हैदराबादच्या बसनं लातूरहूनच गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तुमच्यासारखा गाइड मिळाला नसता तर दोन दिवसांत एवढं मार्केट समजलं नसतं. मनापासून हात दाबला. अजून दुखतोय.

सुकन्या हळूच म्हणाली, "अहो, ती घ्यायला नव्हती आली, विकायला आली होती. मला कालच लाडवांच्या वेळी कळलं." म्हणालो, मग सांगितलं का नाही? म्हणाली, "तुम्ही एवढे खूश होताव. किती दिसांनी इतकं बोलत होताव."

चहा गोडमिट्ट होता. ओतून दिला.

९ मार्च

हणमंतनं अक्रोडाची एजन्सी घेतली. माझा सविस्तर सल्ला : घेऊ नये, मोल्दोव्हा बेभरवशाचा देश आहे, वरणावर शेपू घालतात. त्यानं पत्रव्यवहाराचं काम भार्गवीला दिलं. ती रात्री हसत हसत त्या बाईशी बोलते. माझं नाव निघालं की आवाज कमी करते.

माडीवरच्या खोलीला रंग लागला. छान फिकट हिरवा. आत अक्रोडाच्या पोत्यांसाठी लाकडी फळ्या टाकल्यात.

आता दुसरा देश बघावा. उत्तर मॅसेडोनिया. शेंगदाणा.

३० मार्च, गुढीपाडवा, औसा

हणमंतनं सणाच्या मुहूर्तावर औशाला अक्रोडाचा स्टॉल लावला. माणूस कमी पडला म्हणून मला बोलावलं. मी अटीवर आलो : ग्राहकांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास करीन, विक्री करणार नाही. त्यानं हातात अडकित्ता दिला. फोडून चवीला द्यायचे.

औशाच्या लोकांची किळस आली. चवीला घेतात, लेकराला देतात, बायकोला हाक मारून तिलाही देतात आणि पुढं जातात. एका म्हातारीनं पदरात मागितले.

माझा एक जुना विद्यार्थी आला. म्हणाला, सर, तुम्ही इथं? म्हणालो, एका युरोपीय देशाच्या बाजारपेठेचं काम बघतोय. तो आदरानं पाया पडला. त्यानं पाव किलो घेतले. मग विचारलं, सर, ह्याच्यावर काही कमी होईल का? मला भाव माहीत नव्हता. हणमंतला हाक मारली.

संध्याकाळी सगळा माल संपला. हणमंत खुशीत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, हात बसला तुमचा फोडायला. पुढल्या रविवारी निलंग्याला या." पहिल्यांदाच त्यानं खुर्ची सरकवली. बसलो.

मग म्हणाला, जरा उठा, खुर्ची टेम्पोत टाकायचीय.