तापमान जास्त, थांबलो

४ मार्च
ताईच्या अंडी उबवायच्या मशीनचा प्रोग्राम मीच लिहिणार. भावजी गेल्यापासून तिची सगळी भिस्त या पिल्लांच्या धंद्यावर. हीटर चालू-बंद करणारा तयार कंट्रोलर बाजारातून आणू म्हणत होती. सख्खा भाऊ प्रोग्रामर असताना? हट्!
भाषा स्टॅकवाली. ताटांची चळत असते तशी. आकडा वर ठेवायचा, वरचाच उचलायचा. हल्लीच्या पोरांना झेपत नाही.

६ मार्च
या भाषेत अबॉर्ट नावाचं रत्न आहे. काही बिनसलं की चळत रिकामी, प्रोग्राम जागच्या जागी बंद, स्क्रीनवर निरोप. जागोजागी पेरलंय. आता गडबड होणं शक्यच नाही.

९ मार्च
ऑफिसातल्या टेस्टरला कौतुकाने दाखवलं. म्हणाला, सर, नुसतं थांबू नका. चूक मध्येच पकडा, आधी हीटर बंद करा, मग थांबा. तशी सोय आहे भाषेत. मी म्हटलं, प्रोग्रामच बंद झाल्यावर बिघडणार काय? मान डोलावून जागेवर गेला. पटलं असणार.
उद्यापासून व्यायाम.

१० मार्च
व्यायाम सोमवारपासून.

१२ मार्च
अंडी भरली, मशीन सुरू. ताईने डोक्यावरून हात फिरवला. बायको म्हणाली, तो स्क्रीन दिवसभर बघत कोण बसणार? हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

२२ मार्च
ताईचा फोन. अंड्यामागे दिवा धरला तर आत पिल्लू हलताना दिसलं. बोलता बोलता रडली. मलाही दोनदा नाक शिंकरावं लागलं. सर्दी असावी.

३० मार्च, सकाळ
ताईचा फोन. मशीनमधून वास येतोय. किरकोळ असणार. जाऊन येतो.

दुपार
उकाड्याने आतलं तापमान मर्यादेपलीकडे गेलं. अबॉर्ट अगदी वेळेवर लागलं. स्क्रीनवर निरोपही बिनचूक: "तापमान जास्त. थांबलो."
प्रोग्राम थांबला. हीटरला थांब असं कोणी म्हटलंच नव्हतं. त्याला शेवटचा हुकूम 'चालू' असा होता, तो चालूच राहिला.
एकही पिल्लू जिवंत नाही.

३१ मार्च
ताई अंडी टोपलीत काढत होती. वर न बघता विचारलं, मशीनला कळलं होतं ना रे? मग हीटर का नाही बंद केला?
मी चळत समजावायला लागलो. मध्येच सोडून टोपली धरली. तिने शिव्या घालायला हव्या होत्या. म्हणाली, असू दे, हात धू, जेवून जा.

१ एप्रिल
हीटर बंद करायची ओळ घातली. रिकाम्या मशीनवर चालवून बघितली. उत्तम चालते.