कडू भोपळ्याची एकतारी

आबा, परवा डॉक्टरांनी माझे कान तपासून मान हलवली, आणि मला आठवली ती आपल्या कुंपणावरची कडू भोपळ्याची वेल.

तुम्ही लढाईवरून परत आलात तेव्हा हातपाय धड होते, पण तोफांनी कान नेले होते. देवळात भजन सुरू झालं की तुम्ही गोठ्यात जाऊन बसायचात. "मला सूर ऐकू येत न्हाई, मंडळींचं भजन कशाला नासवू?" एवढंच म्हणालात. पूर्वी भजनात एकतारी तुमच्याच खांद्याला असायची. तुमच्यामागं तिचं कातडं उंदरांनी खाल्लं, भोपळा फुटला. तुम्ही लढाईवर असताना आई कधी रडली नव्हती. आता रडू लागली.

मग तुम्ही ती वेल लावलीत. आई करवादायची, "वांगी सुकून चालल्यात, आन् ह्यांचं कडू भोपळ्याला पानी! खानार कोन त्यो?" तुम्हाला ऐकू गेलं नाही हे बरंच झालं. भोपळा वाळवून, आतलं बी काढून तुम्ही त्यावर शेळीचं कातडं ताणून बसवलंत, आरपार वेळूची काठी घातलीत आणि तार ओढलीत. ओसरीवर बसून तुम्ही खुंटी पिळताय. "जुळली का गं?" मी होकारार्थी मान डोलावते, पण तुम्हाला ते पटत नाही. तुम्ही काठीवर हनुवटी टेकवता, तार छेडता, आणि ओरडता, "हाय! आगं, हाय की! हाडातनं येतुया सूर!" आई पिठाच्या हातानं तशीच बाहेर धावत येते.

त्या एकादशीला तुम्ही देवळात बसलात. हनुवटी काठीला, त्यामुळं तोंड नीट उघडेना. निम्मे शब्द गिळलेत, ताल तर मागंच राहिला. टाळकरी तुमच्यासाठी थांबून थांबून वाजवत होते. मला इतका आनंद झाला की मीच हुंदके देऊन रडले.

एकतारी अजून माझ्याकडं आहे. डॉक्टर कानाचं यंत्र देणार आहेत, तेही मी घेईन. हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून भोपळ्याखालीच ठेवते. एक मात्र सांगते. आज घरात कुणी नाही असं बघून मी काठीवर हनुवटी टेकवली. पहिल्यांदा काहीच आलं नाही, लय घाबरले. मग तुमच्यासारखी घट्ट दाबली. आला, आबा! पण भजन एकही धड आठवेना, म्हणून त्या सुरात आईचं वांग्याचं बोलणंच गात बसले.