आवळा-सोडा, दिवसातून तीनदा

बडनेरा,
१२ जानेवारी

ती. वच्छलाताईस,

धाकट्या चतुराचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे, तुझी शुगर, अकोल्याची थंडी, सगळं मला सुगतकडून कळतं (माझा मुलगा असून फोन मात्र तू त्याचेच उचलतेस). म्हणून पत्र. पत्र निदान वाजत नाही. दोन वर्षांपूर्वी देवमन भाऊजी गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी आले नाही, गाडी चुकली असं कळवलं, तेव्हापासून तुझा अबोला आहे. सख्खी बहीण अशा दिवशी येत नाही म्हटल्यावर कोणीही रुसेल.

आता माझं ऐक. खोकलं, शिंकलं, हसलं की मला लघवी सुटते. (लिहिलं बाई एकदाचं.) चार वर्षं कोणाला सांगितलं नाही. गच्चीत टाकीमागे फडकी वाळत घालताना सुनेनं, भावनानं, पकडलं आणि अमरावतीला दवाखान्यात नेलं. तिथे आधी तांब्याभर पाणी पाजून तासभर बसवलं (जे थांबत नाही म्हणून गेले, तेच थांबवून धरा म्हणतात). मग खोकायला लावलं. मग खालच्या स्नायूंचा जोर मोजणारं मशीन. स्नायू आवळले की पडद्यावर रेघ वर चढते म्हणे. माझी रेघ रविवारच्या सुगतसारखी आडवीच. तपासणाऱ्या रागिणी मॅडम म्हणाल्या, ‘‘मावशी, हे लय बायांले असते. सांगत नाही कोणी.’’ मला वाटत होतं, अख्ख्या वऱ्हाडात मी एकटीच. निघताना त्यांनी कागदावर लिहून दिलं : आवळा-सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

भावनानं दर दोन दिवसांनी दोन किलो आवळे आणले, खायचा सोडा घरात होताच. दिवसाला तीस आवळे, चिमूटचिमूट सोड्यासोबत. बाराव्यालाच दात आंबायचे, तरी चार वर्षांचं दुखणं जाईल म्हणून खात राहिले. आठ दिवसांनी मॅडमना सांगितलं, गुण नाही, वर पोट बिघडलं. त्या कागदाकडे बघतच राहिल्या. ‘‘मावशी, आवळा म्हणजे आवळून धरा, सोडा म्हणजे सोडून द्या. तुमी आवळे काहून खाऊन राहिल्या?’’ मी इतकी हसले की तिथेच लुगडं ओलं झालं, आणि मग रडले. चार वर्षांनी हसले होते, ताई. लग्नाकार्यात मी मागे बसायची, कोणी गमतीचं बोलायला लागलं की उठून जायची. लोक म्हणाले, चतुरा शिष्ट झाली. मी म्हणू दिलं.

आता नुसती आवळते आणि सोडते. रेघ थोडी हलते. तीन महिने लागतील म्हणतात.

तुझीच,
चतुरा

ता. क. गाडी चुकली नव्हती. पांढरं पातळ नेसून, भाऊजींसाठी हार घेऊन मी गाडीत बसले होते. डब्यात खोकल्याची उबळ आली. पांढरं पातळ, ताई, लपवू कुठे? मूर्तिजापूरला उतरले आणि परतीच्या गाडीनं घरी आले. हार तिथल्या बाकावरच राहिला.

ता. क. आणखी एक : पंधरा दिवसांनी भाऊजींच्या स्मृतिदिनाला येते आहे. मोरीजवळची खाट मला ठेव. आवळ्याचं काही करू नको. तीन महिने अजून व्हायचेत, त्यामुळे वाटेत काय होईल सांगता येत नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली की फोन करीन. तेवढा उचल. तू नुसतं ‘ये’ म्हण, म्हणजे मी उतरणार नाही.