डॉक्टरीणबाईंना सांगायचे राहिले ते

मु. पो. अचलपूर, जि. अमरावती
दि. २१ नोव्हेंबर

प्रिय चि. अपेक्षा,

अनेक उत्तम आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. कपाशीचा दुसरा वेचा सुरू असून तूर फुलावर आली आहे. तुझी आई संध्या सकाळीच मजुरांबरोबर शेतात गेली, त्यामुळे घर शांत आहे आणि मी लिहावयास बसलो आहे. तू म्हणशील, रोज फोन होतो, मग पत्र कशाला. परंतु फोनवर माझे बोलणे ‘जेवलीस का’ याच्या पुढे सरकत नाही, हे तुला ठाऊक आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, तरी गुरुजींनी पत्रलेखन नीट शिकवले होते. आधी क्षेम लिहावे, नंतर मजकूर. क्षेम लिहून झाले.

दिवाळीला आली होतीस तेव्हा तू आईला सांगितलेस की आता कुस्ती बंद, बी. ए. पूर्ण करून बँकेच्या परीक्षा देईन. कुस्तीचे बूट अकोल्याच्या वसतिगृहातील एका मुलीला देऊन टाकलेस, हेही मला नंतर कळले. त्या वेळी मी ओसरीवर होतो आणि सर्व ऐकत होतो. तुला वाटले असेल, आबाजी काहीच कसे बोलले नाहीत. नऊ वर्षांची असताना मीच तुला आखाड्यात उतरवले होते. चार लोक म्हणाले, मातीत मुलगी चालत नाही. मी म्हणालो, आखाडा माझ्या वडिलांनी खणलेला आहे, कोण चालेल ते मी ठरवीन. तो माणूस दिवाळीत गप्प बसला, यास कारण आहे आणि ते पुढे येईल.

तुझ्या डोळ्यांचा नंबर साडेपाच होता. चष्मा लावून कुस्ती होत नाही आणि चष्म्याविना तुला समोरच्या मुलीचे हात दिसत नव्हते, केवळ लाल किंवा निळा रंग दिसत असे. तरी तू पकड अंदाजाने लावीत होतीस आणि बहुधा जिंकत होतीस. नंतर ती डोळ्यांत बसवायची भिंगे आली. नांदगाव खंडेश्वरच्या स्पर्धेत त्यातील एक निसटले आणि पंचांसह दहा-बारा माणसे गादीवर गुडघे टेकून शोधू लागली. माझ्याशेजारी माझा जुना कुस्तीतला जोडीदार गयासुद्दीन बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, “नत्थू, हे कुस्ती खेळून राहिले का कोनाची नथ हरवली?” सारा मांडव हसला. तुला राग आला होता. त्याच आठवड्यात तू लेसरचा निर्णय घेतलास.

राजापेठेतील डॉक्टरीणबाईंनी त्या वेळी आपल्याला अर्धा तास समजावून सांगितले होते. बुबुळावरचा पापुद्रा कापून लेसर केला तर दोन दिवसांत बरे वाटते, परंतु झोंबाझोंबीत धक्का बसला तर तो पापुद्रा सरकण्याची भीती असते. म्हणून कुस्तीगिराला वरूनच लेसर करावा. त्यात दुखते अधिक आणि भरून येण्यास वेळ लागतो, पण पापुद्र्याची भानगड राहत नाही. तू क्षणाचाही विचार न करता दुखणारा प्रकार निवडलास. मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो मी कोणालाही बोलून दाखवला नाही. पुढचे चार दिवस खिडक्यांना घोंगडी लावून तू खोलीत पडून होतीस, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी तुला दाराच्या उजेडात बसून वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. मधेच तू म्हणत होतीस, “आबाजी, बाजारभाव नका वाचू, खेळाचं पान वाचा.” पाचव्या दिवशी तू अंगणात आलीस आणि समोरच्या कडुनिंबावरील पोपट मोजलेस. सात होते. मला तेथे केवळ झाड दिसत होते.

बाईंची अट एवढीच होती की तीन महिने माती नाही, झुंज नाही आणि बाहेर पडताना डोळ्यांवर तो बाजूंनी बंद असलेला चष्मा घालावयाचा. ती अट तू पाळलीस. मोडली मी.

अपेक्षा, नागपंचमीच्या दिवशी काय घडले ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तरीही मी ते लिहून काढतो, कारण ते अद्याप कोठेही नीट नोंदले गेलेले नाही. लेसर होऊन सात आठवडे झाले होते. आखाड्याची पूजा होती. आदल्या दिवशी माती उकरून तीत तेल, हळद, ताक, लिंबाचा रस घालून मळली होती. तू केवळ पाया पडावयास आली होतीस आणि कडेला उभी होतीस. मी तुला आत बोलावले. तू म्हणालीस, बाईंनी नको म्हटले आहे. मी म्हणालो, झुंजायचे कोठे आहे, आशीर्वाद घ्यावयाचा आहे, आणि आखाड्यात पायात वहाण व तोंडावर चष्मा चालत नाही, तो काढ. सत्तर लोकांसमोर तू माझा शब्द मोडणार नव्हतीस, हे मला माहीत होते. तू चष्मा काढून आईच्या हाती दिलास. प्रथेप्रमाणे मी छातीवर व खांद्यावर टाकावयाची म्हणून माती उचलली. मी हात सोडला त्याच क्षणी तू पाया पडण्यासाठी वाकलीस आणि पूर्ण मूठ तुझ्या उघड्या डोळ्यांवर गेली. आरंभी मी स्वतःला सांगत होतो की ती वाकली म्हणून झाले. परंतु वस्तादासमोर वाकणे हा शिष्याचा नियमच आहे आणि तो मीच तुला शिकवला आहे. शिवाय तुझे डोळे लाल झाल्यावर मी काय म्हणालो ते मला पाठ आहे. मी म्हणालो, “काही होत नाही, ही औषधी माती आहे.” त्या वाक्यामुळे तू दोन दिवस घरी थांबलीस. ते दोन दिवस फार महाग पडले.

तिसऱ्या दिवशी आपण अमरावतीला गेलो. उजव्या डोळ्यात जखम होऊन ती चिघळली होती. बाईंनी विचारले, हे कशाने झाले. तू माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाहीस आणि सांगितलेस, “मॅडम, बसस्टँडवर कचरा गेला डोळ्यात.” मी शेजारच्या खुर्चीवर होतो. बाई मला ओळखतात, नमस्कार करतात, त्यांच्या दवाखान्यात बसलेल्या दोन माणसांनी मला वस्ताद म्हणून हाक मारली होती. मी मान हलवली. होय, कचराच गेला, अशा अर्थाने हलवली. माझ्या वयाच्या एकोणऐंशी वर्षांत मी पडलो आहे, हरलो आहे, कान मोडून घेतला आहे, परंतु खोटी मान त्या दिवशीच हलवली.

जखम महिन्याभरात भरली. नजर पूर्ववत झाली. मला वाटले, प्रकरण संपले. परंतु दिवाळीपूर्वीच्या तपासणीत बाईंनी तुला खेळण्याचा दाखला दिला नाही. संध्याने मला त्यांचे शब्द सांगितले ते असे की, रस्त्यावरच्या एवढ्याशा कचऱ्याने जर एवढी जखम होत असेल, तर या मुलीच्या बुबुळाचा वरचा थर कच्चा आहे, कुस्तीत रोजच बोट लागते, म्हणून मी सही करू शकत नाही. बाईंचे चुकले नाही. त्यांना जे सांगितले गेले त्यावरून त्यांनी बरोबरच ठरवले. तू ते ऐकून घेतलेस, मुकाट्याने अकोल्याला परतलीस आणि बूट देऊन टाकलेस. एका शब्दाने तुला तुझे म्हणणे मांडता आले असते. तो शब्द तू काढला नाहीस, कारण त्या शब्दात माझे नाव होते. तुझ्या आईनेही त्याच कारणाने तो काढला नाही.

हे मला माझे मला कळले असे लिहिले तर ते पुन्हा खोटे होईल. परवा गयासुद्दीन आला होता. मी त्याला सर्व सांगितले, कारण पन्नास वर्षे त्याने मला आणि मी त्याला पाडले आहे, तेव्हा त्याच्यापुढे लाज उरलेली नाही. मला वाटले, तो म्हणेल की जाऊ दे, होऊन गेले. त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “पोरीनं तुही इज्जत झाकली, अन् तू तिचा खेळ झाकून बसला. इतकी मोठी मूठ टाकता आली तुले, मंग एक शबूद काहून निघत नाही?” मी त्याला म्हणालो, आता म्हातारपणी लोक काय म्हणतील. तो म्हणाला, “लोक म्हनतील बुढा चुकला. बुढे चुकतच असतात. त्यात नवीन काय हाय?” नंतर त्याने दुसरा चहा मागितला.

म्हणून हे पत्र तुला लिहिले असले तरी ते डॉक्टरीणबाईंनी वाचावयाचे आहे. वरील मजकुरात मातीत काय काय होते, मूठ किती होती, कोणत्या दिवशी गेली आणि उपचारास उशीर कोणामुळे झाला, हे सर्व मी त्यांच्यासाठीच तपशिलाने मांडले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे, उपचारास दोन दिवस उशीर होऊनही जो डोळा आखाड्याची भरलेली मूठ सोसून पूर्ववत झाला, तो कच्चा नाही. परंतु माझी समजूत चौथी पास माणसाची आहे, निर्णय बाईंचा. त्यांनी नाही म्हटले तरी मी मानीन, मात्र ते ‘नाही’ खरे ऐकून म्हटलेले असावे. सोमवारी मी सकाळी सातच्या एसटीने अमरावतीला निघत आहे. तू अकोल्याहून हे पत्र घेऊन ये, राजापेठेत दवाखान्यापाशी साडेनऊला भेटू. आत गेल्यावर तू काही बोलू नकोस, मी सांगेन. आणि त्या मुलीकडून बूट परत मागून घे. मागताना संकोच वाटला तर आबाजींनी सांगितले म्हणून सांग. हे वाचून माझ्यावर रागवावेसे वाटले तर सोमवारपर्यंत थांबू नकोस. फोन कर. मी उचलीन आणि पूर्ण ऐकून घेईन.

तुझाच आजोबा,
नत्थुजी