वाढीव खोली विटांची की लाकडाची, आणि 'तूर्त' या शब्दाबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : घरामागील मोकळ्या जागेत एक खोली वाढवण्याबाबत, आणि माझ्या पहिल्या अर्जात पडलेल्या 'तूर्त' या शब्दाबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) त्यावरील आपले उत्तर. ३) त्या उत्तराला माझे उत्तर. ४) त्यानंतरचे आपले मौन.

महोदय,

आपणास त्रास देण्याची ही माझी तिसरी खेप आहे. रागावू नये, अशी आधीच विनंती करून ठेवतो.

१. मी धंद्याने शिंपी. खाली दुकान, वर राहायची जागा आणि मधे उभा जिना. माझ्या पत्नीचे हृदय थकले आहे. तिला तो जिना आता चढवत नाही. म्हणून तिची खाट दुकानातच, गिऱ्हाइकांनी कपडे घालून पाहायच्या पडद्यामागे टाकली आहे. गिऱ्हाईक पँट घेऊन पडदा सारते आणि "माफ करा काकू" म्हणत उलट पावली बाहेर येते. हल्ली बरेच जण पँट नुसती कमरेला लावून "बसेल" म्हणतात. ती मात्र आतून मत देतेच, की पाय आखूड झालेत, मांडीत ओढतेय. तिचे बरोबर असते, ही गोष्ट निराळी. संडास वर आहे. मी तिला पाठीवर घेऊन चढतो. माझे गुडघेही काही नवे नाहीत. म्हणून मागे, जमिनीलगत, संडास जोडलेली एक खोली तिच्यासाठी हवी.

२. खोली कशाची बांधावी यावर घरात बरेच महाभारत झाले. माझा मेहुणा गवंडी आहे. त्याच्या मते लाकूड म्हणजे वाळवीचा नाश्ता, घर बांधावे तर विटांचे. शेजारचा सुतार म्हणतो, विटांच्या ओल्या भिंती वाळेपर्यंत आजारी माणसाला काय बाहेर झोपवणार? सांगाडा उभा करून फळ्या मारल्या की आत राहायला मोकळे. दोघांचेही पटते. मी मेहुण्याचे ऐकले आणि वीटकामाचा अर्ज केला.

३. त्या अर्जात मी लिहिले, "तूर्त पत्नीची सोय व्हावी." इथेच माझे चुकले. आपले उत्तर आले, की वीटकाम हे पक्के बांधकाम असून ते कायमच्या गरजेसाठीच मंजूर होते. अर्जदाराने गरज 'तूर्त' असल्याचे स्वतःच कबूल केले आहे. सबब त्याने लाकडी, म्हणजे तात्पुरते बांधकाम मागून ते पाडण्याची तारीख कळवावी, अन्यथा गरज कायमची असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

महोदय, मागणारा माणूस 'तूर्त' म्हणतोच. जास्त मागतोय असे वाटू नये म्हणून म्हणतो. गिऱ्हाईक मला सांगते, "तूर्त एवढ्या बाह्या आखूड करा." म्हणून ते पुढच्या महिन्यात बाह्या लांब करून घ्यायला येत नाही. हे मी दुसऱ्या अर्जात समजावले होते. त्याला उत्तर नाही.

४. दाखल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. माणूस सज्जन. त्यांनी पेनचे टोपण काढले, माझ्याकडे पाहिले आणि टोपण परत लावले. 'कायमची' हा शब्द लिहिणे त्यांना शक्य नव्हते. "काका, खोली लवकर करा," एवढेच म्हणाले. घरी आल्यावर पत्नीने विचारले, तर मी सांगितले की डॉक्टरांचे पेन चालत नव्हते. ती हसली. मला धड खोटे बोलता येत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

५. मला लाकडी खोली नको होती. लाकूड वाईट म्हणून नव्हे. पक्की खोली बांधली की तिच्यात राहणारे माणूसही टिकेल, असा आपला माझा वेडा हिशेब. मला भीती वाटते, महोदय. अर्जात असे लिहीत नाहीत, हे मला कळते. शेवटी तिनेच निकाल लावला. म्हणाली, "अहो, माप नक्की नसलं की तुम्ही कच्चे टाकेच घालता ना? लाकडाचं मागा. मागाहून उसवायला सोपं." मी तिच्यावर ओरडलो.

६. अखेर लाकडी बांधकामाचा आपला नमुना आणून भरला. फक्त 'पाडण्याची तारीख' हा रकाना कोरा ठेवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आले म्हणून माप घ्यायला उठलो. परत येऊन पाहतो तो तिने खाटेवर बसल्या बसल्या रकाना भरला होता. अक्षर नेहमीसारखे सुरेख आहे. तारीख फार जवळची आहे.

७. नमुन्याच्या तळाशी आपली सूचना आहे, की खाडाखोड केलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही. नवा नमुना घ्यावा, तर नवा क्रमांक पडतो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते. तेवढा धीर आता माझ्यात नाही. म्हणून अर्ज आहे तसा सादर करीत आहे. खोली लाकडाचीच द्यावी आणि लवकर द्यावी. वीट, दगड, माती, कशाबद्दलही माझे आता काही म्हणणे नाही.

मात्र ती तारीख मला मान्य नाही. अर्जावर खोडण्याचा अधिकार अर्जदाराला नाही, तो आपल्याला आहे. तेवढी तारीख आपण आपल्या हाताने खोडावी.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, शिंपी

दिनांक : अर्ज आवक होईल तो धरावा.

सोबत :
१) सुताराने काढून दिलेला खोलीचा नकाशा.
२) दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची हरकत नसल्याचे पत्र.
३) तारखेसह भरलेला नमुना.